आडात आहे, पोहऱ्यात नाही

१९९९ साली इंग्लंडमधल्या ईस्ट केंट आरोग्य प्राधिकरणाविरुद्धच्या एका दाव्याचा निकाल लागला. दावा तीन स्त्रियांचा होता. तिघींनी सरकारी कार्यक्रमातून पॅप स्मिअर, म्हणजे गर्भाशयमुखाच्या पेशी खरवडून तपासणारी चाचणी, करून घेतली होती, तिघींचे रिपोर्ट निर्दोष आले होते आणि पुढे तिघींनाही गर्भाशयमुखाचा कर्करोग झाला. त्यांच्या काचपट्ट्या जिथे वाचल्या गेल्या त्या कँटरबरीच्या प्रयोगशाळेचं प्रकरण आधीच गाजत होतं. तिथल्या ९० हजारांहून अधिक काचपट्ट्या पुन्हा तपासाव्या लागल्या होत्या. दोन्ही बाजूंच्या पॅथॉलॉजिस्टांनी कोर्टासाठी त्याच पट्ट्या पाहिल्या आणि त्यांचं एकमत झालं नाही. शेवटी न्यायालयाने स्वतःला तीन प्रश्न विचारले. पट्टीवर नेमकं काय दिसत होतं? सामान्य कौशल्याच्या तंत्रज्ञाच्या नजरेतून ते सुटणं क्षम्य होतं का? आणि दिसलं असेल, तर ती पट्टी निर्दोष म्हणून पुढे पाठवणं योग्य होतं का? पट्टी निर्दोष आहे अशी पूर्ण खात्री नसेल तर तंत्रज्ञाने ती वरिष्ठांकडे पाठवायलाच हवी होती, असं ठरलं. स्त्रिया जिंकल्या आणि अपिलातही तो निकाल टिकला.

निकाल न्याय्य होता, याबद्दल मला शंका नाही. मला खटकतो तो त्या खटल्यातला एक वैद्यकीय तपशील, ज्याची कायद्याच्या पुस्तकांत फारशी चर्चा होत नाही. तिघींचाही कर्करोग गर्भाशयमुखाच्या नेहमीच्या, चपट्या पेशींचा नव्हता. तो ग्रंथिपेशींचा होता. डॉक्टर त्याला अ‍ॅडिनोकार्सिनोमा म्हणतात. या तिघींच्या बाबतीत पट्टीवर काहीतरी आलं तरी होतं, म्हणून कोर्टात त्यावर वाद घालता आला. ज्यांच्या पट्टीवर काहीच आलं नाही, त्यांचं काय? जे काचेवर उतरलंच नाही, त्याबद्दल कुठल्याही तज्ज्ञाची उलटतपासणी घेता येत नाही. ग्रंथिपेशींच्या कर्करोगाच्या बाबतीत खरा प्रश्न इथे सुरू होतो, आणि निष्काळजीपणाच्या भाषेत त्याला उत्तर नाही.

आधी जागा समजून घेऊ. गर्भाशयाच्या मुखाचा जो भाग योनीत डोकावतो, तो चपट्या पेशींच्या अनेक थरांनी मढलेला असतो. तिथून आत गर्भाशयाकडे जाणारा सुमारे तीन सेंटिमीटरचा चिंचोळा मार्ग असतो. त्याला अस्तर असतं ते उभट, श्लेष्मा पाझरणाऱ्या ग्रंथिपेशींच्या एकेरी थराचं. हा थर सपाट नसतो. तो खालच्या मांसल भागात घड्या घालत, फटी करत काही मिलिमीटर खोल शिरतो. दोन्ही प्रकारच्या पेशी जिथे भेटतात त्या सीमेवर बहुतेक रोग उगम पावतात. चपट्या पेशींची बिघडलेली पूर्वावस्था त्या सीमेवर, पृष्ठभागावर पसरते. पेशी सुट्या होऊन गळतात आणि खरवडीत सहज येतात. ग्रंथिपेशींची पूर्वावस्था मात्र फटींमध्ये उतरते. कधी ती मार्गात वर चढते, कधी वरून निरोगी दिसणाऱ्या चपट्या थराखाली दडून राहते, आणि काही जणींत तर एका ठिकाणी रोग, मधे निरोगी पट्टा, पुढे पुन्हा रोग अशी तुटक असते. आपल्याकडे म्हण आहे, आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. इथे नेमकं उलट आहे. आडात आहे, पोहरा तिथवर पोचत नाही.

तो पोहरा बनवणाऱ्यांनी काही फसवणूक केली नव्हती. जॉर्ज पापानिकोलाऊ हा ग्रीक शास्त्रज्ञ न्यूयॉर्कमध्ये गिनीपिगांच्या प्रजननचक्राचा अभ्यास करता करता स्त्रियांच्या योनिस्रावातल्या पेशींकडे वळला. १९२८ साली त्याने कर्करोगनिदानाची कल्पना मांडली, तेव्हा तिच्याकडे फारसं कोणी लक्ष दिलं नाही. (त्याच्या एक वर्ष आधी रुमानियातल्या ऑरेल बाबेशने याच दिशेचं काम सादर केलं होतं, श्रेय मात्र पापानिकोलाऊच्या नावाच्या पहिल्या तीन अक्षरांना चिकटलं.) हर्बर्ट ट्रॉटबरोबर त्याने १९४१ मध्ये शोधनिबंध आणि १९४३ मध्ये पुस्तक प्रसिद्ध केलं आणि चित्र पालटलं. १९४७ मध्ये अर्नेस्ट एअरने लाकडी पट्टी आणली. मुखाभोवती ती फिरवली की सीमेवरच्या पेशी खरवडून निघतात. म्हणजे हत्यार घडलं तेच बाहेरच्या कडेसाठी. त्या काळी गर्भाशयमुखाचा कर्करोग म्हणजे बहुतांशी चपट्या पेशींचाच. ग्रंथिपेशींचा हिस्सा लहान होता. मार्गाच्या आत फिरवायचा बारीक ब्रश सर्रास वापरात आला तो १९८०च्या दशकात, आणि त्यानेही फटींच्या तळाशी काय आहे ते वर येईलच असं नाही.

आता अचूकतेबद्दल. पॅप स्मिअरची कीर्ती इतकी मोठी आहे की ही चाचणी फार अचूक असणार असं आपण गृहीत धरतो. ती तशी नाही. युरोप आणि उत्तर अमेरिकेतल्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. उपचार करावा लागेल अशी पूर्वावस्था एका स्मिअरमध्ये सापडण्याचं प्रमाण त्यात सुमारे ५३ टक्के निघालं. म्हणजे जवळजवळ निम्म्या बायका एका फेरीत सुटतात, आणि हे मुख्यतः चपट्या पेशींच्या रोगाबद्दल. तरीही या चाचणीने लाखो जीव वाचवले, हे निर्विवाद सत्य आहे. ब्रिटनमध्ये १९८८ साली नियमित बोलावणं धाडणारा कार्यक्रम सुरू झाला. तपासणी झाली नसती तर १९५०नंतर जन्मलेल्या दर ६५ ब्रिटिश स्त्रियांमागे एक या रोगाने गेली असती, असा अंदाज २००४ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये मांडला गेला.

निम्म्या बायका सोडणारी चाचणी इतकं मोठं काम कशी करते? पुन्हा पुन्हा करून. चपट्या पेशींचा रोग पूर्वावस्थेतून कर्करोगापर्यंत जायला वर्षानुवर्षं घेतो. आज खरवड नीट आली नाही, पेशी कमी पडल्या, तंत्रज्ञाचा डोळा थकला. तीन वर्षांनी पुन्हा स्मिअर होते, तेव्हा रोग सापडतो. या चुका अपघाती असतात. एका वेळी झाली म्हणून दुसऱ्या वेळी तीच चूक होईल असं नाही, म्हणून दोन-तीन फेऱ्यांत बहुतेक रोगी स्त्रिया हाती लागतात. स्मिअरचं यश हे अशा रीतीने वेळापत्रकाचं यश आहे, काचपट्टीच्या तीक्ष्ण नजरेचं नव्हे. हा फरक कार्यक्रम चालवणाऱ्यांना नेहमी ठाऊक होता, पण बायकांना दिलेल्या पत्रकांत तो क्वचितच स्पष्ट लिहिला गेला.

ग्रंथिपेशींच्या बाबतीत हे वेळापत्रक पांगळं होतं. तिथली चूक बऱ्याच अंशी ठरलेली असते. रोग ज्या फटीत आहे तिथे ब्रश आज पोचला नाही, तसा तीन वर्षांनीही पोचत नाही, कारण फट हलत नाही. रोग फार वेगाने धावतो म्हणून तो सुटतो, असंही नाही. मार्गातली पूर्वावस्था आढळणाऱ्या स्त्रियांचं सरासरी वय आणि प्रत्यक्ष कर्करोग झालेल्यांचं सरासरी वय यांत दहाएक वर्षांचं अंतर असतं. वेळ भरपूर आहे. तीन-चार स्मिअर त्या काळात होऊन जातात आणि दर वेळी रिपोर्ट स्वच्छ येतो. ग्रंथिपेशींच्या पूर्वावस्थेपैकी एका स्मिअरमध्ये जेमतेम निम्म्याच सापडतात, असं अनेक अभ्यास सांगतात. नुसता आकडा पाहिला तर चपट्या पेशींपेक्षा फार वाईट नाही. पण एकीकडच्या निम्म्या पुढच्या फेरीत भरून निघतात, दुसरीकडच्या तशा निघत नाहीत. म्हणून ‘या चाचणीची अचूकता किती’ या प्रश्नाला एकच टक्केवारी देणारा माणूस, मग तो डॉक्टर असो की आरोग्यमंत्री, अर्धंच उत्तर देत असतो.

याचा पुरावा देशोदेशींच्या कर्करोग नोंदणीतच आहे. जिथे स्मिअरचा कार्यक्रम नीट चालला, तिथे चपट्या पेशींच्या कर्करोगाचं प्रमाण झपाट्याने उतरलं. ऑस्ट्रेलियात १९९१च्या राष्ट्रीय कार्यक्रमानंतर हे स्पष्ट दिसलं. ग्रंथिपेशींचा कर्करोग तितका उतरला नाही; इंग्लंडमध्ये तरुण पिढ्यांत तो काही काळ वाढतच गेला. परिणाम असा की अमेरिका आणि पश्चिम युरोपात गर्भाशयमुखाच्या कर्करोगात त्याचा हिस्सा पूर्वी लहान होता, तो आता वीस-पंचवीस टक्क्यांपर्यंत आला आहे. या वाढीत काही भाग विषाणूच्या प्रसाराचा असेल, पण काही भाग नुसता अंकगणिताचा आहे. सापडणारे रोग सापडत गेले. न सापडणारे मागे उरले.

पट्टीवर पेशी आल्या तरी काम संपत नाही. ग्रंथिपेशींचं वाचन हे पेशीविज्ञानातलं अवघड प्रकरण आहे. केंद्रकं गर्दी करून एकमेकांवर चढतात, पेशींच्या पट्ट्यांच्या कडा विस्कटलेल्या दिसतात, ही बिघाडाची लक्षणं. पण मार्गाच्या वरच्या टोकाला बीजनलिकेसारखी झालेली निरोगी पेशी, कॉपर-टीमुळे बदललेली पेशी, किंवा ब्रश फार आत गेल्याने खुडून आलेला गर्भाशयाच्या अस्तराचा तुकडा, ही सगळी मंडळी तशीच दिसू शकतात. १९८८ पासून चालत आलेल्या आणि २००१ मध्ये सुधारलेल्या बेथेस्डा पद्धतीत अशा संशयित पेशींना स्वतंत्र शेरा आहे, ‘असामान्य ग्रंथिपेशी’, लॅबच्या बोलीत एजीसी. तो शंभरात एका स्मिअरवरही पडत नाही. पडला की मात्र बाईची धावपळ सुरू होते: भिंगातून मुख बघणारी कॉल्पोस्कोपी, मार्गाची खरवड, पस्तिशीपुढे असेल तर गर्भाशयाच्या अस्तराची बायोप्सीही. आणि गंमत बघा, या शेऱ्याखाली गंभीर काही निघतं तेव्हाही अनेकदा ते चपट्या पेशींचंच असतं, कधी गर्भाशयाच्या अस्तराचं. म्हणजे ग्रंथिपेशींचा रोग शोधायला निघालेला शेरा दुसराच रोग धरून आणतो, आणि बाकीच्या अनेक जणींना नाहक घाबरवतो. नमुना काचेवर फासण्याऐवजी द्रवात मिसळून पातळ थर पाडायची नवी पद्धत आली. वाचणाऱ्याचं काम तिने सोपं केलं, पण जे नमुन्यातच नाही ते ती कुठून आणणार?

कँटरबरीच्या निकालाकडे परत जाऊ. ‘पूर्ण खात्री’चा दंडक कोर्टात शोभतो. प्रयोगशाळेत तो शब्दशः पाळला तर काय होईल? तंत्रज्ञ घाबरून प्रत्येक धूसर पट्टी वर ढकलेल, संशयित शेऱ्यांचा पूर येईल, हजारो बायका विनाकारण तपासल्या जातील, आणि तरीही फटीत दडलेला रोग तसाच राहील. स्मिअर चुकल्याची जखम पुढे आयर्लंडमध्येही उघडी पडली. २०१८ मध्ये व्हिकी फेलन या महिलेच्या खटल्यातून बाहेर आलं की कर्करोग झालेल्या बायकांच्या जुन्या स्मिअरचं पुनर्वाचन झालं होतं, चूक दिसली होती, आणि ती त्या बायकांना सांगितलीच गेली नव्हती. तिथल्या संतापाचा मोठा भाग न सांगण्याबद्दल होता आणि तो रास्त होता. पण त्या गदारोळात एक समज अधिक पक्का झाला: स्मिअर चुकली म्हणजे कोणीतरी हलगर्जी केली. हलगर्जी होते, हे खरंच. तरी तिच्यावर सगळा दोष टाकला की चाचणीची स्वतःची मर्यादा सुखाने नजरेआड राहते. सावध माणूस नेमून ती मर्यादा हटत नाही. चाचणीला विचारलेला प्रश्नच बदलावा लागतो.

तो प्रश्न बदलणं शक्य झालं हाराल्ड त्सुर हाउझेन यांच्यामुळे. गर्भाशयमुखाच्या कर्करोगामागे मानवी पॅपिलोमा विषाणू, म्हणजे एचपीव्ही, आहे हे त्यांनी १९८०च्या दशकात १६ आणि १८ हे प्रकार वेगळे करून दाखवलं, आणि २००८ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. गर्भाशयमुखाच्या कर्करोगांचा जगभरचा एक मोठा अभ्यास २०१० मध्ये आला. ग्रंथिपेशींच्या ज्या गाठींत विषाणू सापडला, त्यांतल्या ९४ टक्के गाठींत १६, १८ किंवा ४५ या तीनच प्रकारांपैकी कोणीतरी होतं. पेशी बघण्याऐवजी विषाणू शोधला, तर रोग नेमका कुठल्या फटीत बसला आहे याने फारसा फरक पडत नाही. नमुन्यात विषाणूचा अंश आला की पुरतं. २०१४ मध्ये स्वीडन, नेदरलंड्स, इंग्लंड आणि इटली इथल्या चार प्रयोगांतल्या १ लाख ७६ हजारांहून अधिक स्त्रियांची माहिती एकत्र केली गेली. एचपीव्ही तपासणीच्या गटात कर्करोगापासूनचं संरक्षण स्मिअरच्या तुलनेत ६० ते ७० टक्के अधिक निघालं. त्यातही लक्षणीय होतं ते हे: चपट्या पेशींच्या कर्करोगात दोन गटांमधला फरक माफक होता, ग्रंथिपेशींच्या कर्करोगात विषाणूचाचणीच्या गटातलं प्रमाण स्मिअरच्या गटाच्या एक तृतीयांशाखाली होतं. स्मिअर जिथे आंधळी, नेमका तिथेच सगळ्यात मोठा लाभ. नेदरलंड्सने २०१७ मध्ये, ऑस्ट्रेलियाने त्याच वर्षअखेरीस आणि इंग्लंडने २०१९ मध्ये पहिली चाचणी म्हणून एचपीव्ही स्वीकारली.

तरीही मागच्या दाराने जुनी चूक परत येऊ शकते. विषाणू सापडलेल्या प्रत्येकीला कर्करोग होत नाही. बहुतेकींचं शरीर तो एक-दोन वर्षांत हटवतं. मग कोणाला कॉल्पोस्कोपीला पाठवायचं? अनेक देश पुन्हा काचपट्टीकडे वळतात: विषाणू आहे, पण पेशी ठीक दिसतात, तर वर्षभराने या. ग्रंथिपेशींच्या रोगाला हवी असलेली सवड इथे आयती मिळते. ऑस्ट्रेलियाने १६ किंवा १८ सापडला की स्मिअर काहीही म्हणो, थेट कॉल्पोस्कोपी, असा नियम केला. मला तो जास्त शहाणपणाचा वाटतो. कॉल्पोस्कोपीही मार्गाच्या आतलं सगळं दाखवत नाही, हे खरं. पण निदान डॉक्टरला माहीत असतं की इथे आत बघायचं आहे.

हे सगळं परदेशात शोभतं, आपल्याकडे आधी स्मिअर तरी होऊ द्या, असं कोणी म्हणेल. आक्षेप वजनदार आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत ३० ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी दोन टक्क्यांहूनही कमी जणींची गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी कधी झाली होती असं दिसलं. अशा देशात ग्रंथिपेशींची चर्चा चैनीची वाटू शकते. पण हिशेब करून पाहू. २०२२ मध्ये भारतात या कर्करोगाच्या सुमारे १ लाख २७ हजार नव्या रुग्णांचा अंदाज होता. ग्रंथिपेशींचा वाटा दहा टक्के धरला, तरी त्या बारा हजारांहून अधिक बायका होतात. ब्रिटनमध्ये सगळ्या प्रकारचे मिळून वर्षाला सव्वातीन हजारांच्या आसपास रुग्ण असतात.

आणि या प्रश्नाचं सर्वात मोलाचं उत्तर लंडन-न्यूयॉर्कमधून नव्हे, बार्शीतून आलेलं आहे. तिथलं नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय, मुंबईचं टाटा स्मारक केंद्र आणि फ्रान्समधली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजार ७४६ स्त्रियांना चार गटांत विभागलं: एचपीव्ही, स्मिअर, व्हीआयए म्हणजे मुखावर सौम्य ॲसिटिक ॲसिड लावून डोळ्यांनी बघणं, आणि नेहमीचीच सेवा मिळणारा चौथा गट. पहिल्या तीन गटांत तपासणी एकदाच झाली. २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एचपीव्हीच्या गटात या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले, तपासणी न झालेल्या गटात ६४. स्मिअर आणि व्हीआयए यांच्यामुळे मृत्यूंत नोंद घ्यावी अशी घट झाली नाही. चौथ्या गटातल्या बायकांना तपासणी दिली नाही म्हणून या प्रयोगावर नैतिक आक्षेप घेतले गेले, आणि ते मला क्षुल्लक वाटत नाहीत. पण म्हणूनच त्या बायकांनी मोजलेल्या किमतीतून आलेले आकडे फडताळात ठेवून देणं हा दुसरा अन्याय होईल.

त्यातला एक आकडा मला मृत्यूंच्या आकड्यांपेक्षाही महत्त्वाचा वाटतो. रिपोर्ट निर्दोष आलेल्या बायकांपैकी पुढच्या आठ वर्षांत किती जणींना कर्करोग झाला, हे त्यांनी मोजलं. एचपीव्ही निर्दोष असलेल्यांत दर लाखामागे दरवर्षी ३.७, स्मिअर निर्दोष असलेल्यांत १५.५, व्हीआयएवाल्यांत १६. निर्दोष रिपोर्ट हातात घेऊन घरी गेलेल्या बाईला त्या कागदाने किती आधार दिला, याचं हे मोजमाप आहे. यात रोगाचे प्रकार वेगळे केलेले नाहीत, तशी गरजही नाही. तपासणी आयुष्यात एकदाच होणार असेल, तर चुकांवर पांघरूण घालणारी पुढची फेरीच येत नाही. मग चपट्या पेशींचा रोग असलेल्या धाराशिवच्या बाईची अवस्था ग्रंथिपेशींचा रोग असलेल्या कँटरबरीच्या बाईसारखीच होते. तिथे फट आडवी आली. इथे वेळापत्रकच नव्हतं.

फेऱ्यांचं महत्त्व मुंबईतही दिसलं. टाटा स्मारकाने वस्त्यांमधल्या दीड लाख स्त्रियांवर केलेला व्हीआयएचा प्रयोग २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दोन-दोन वर्षांनी चार फेऱ्या केल्या आणि मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. तमिळनाडूतल्या दिंडिगुलमध्ये एकाच फेरीनेही मृत्यू कमी झाले होते, तेव्हा फेऱ्या हेच एकमेव कारण आहे असा माझा दावा नाही. पण व्हीआयए हा आपला अधिकृत मार्ग आहे. २०१६च्या केंद्रीय सूचनांनुसार ३० ते ६५ वयात दर पाच वर्षांनी. बॅटरीच्या उजेडात, डोळ्यांनी. ती मुखाची बाहेरची कड बघते. मार्गाच्या आत तिला काहीच दिसत नाही. रजोनिवृत्तीच्या सुमारास दोन्ही पेशींची सीमाच आत सरकते, तेव्हा तर चपट्या पेशींचा रोगही तिच्या कक्षेबाहेर जातो. त्यात ‘बघा आणि तिथेच उपचार करा’ या धोरणाखाली पांढरा डाग उष्णतेने जाळून टाकायची पद्धत आहे. रोग मार्गात वर शिरलेला असेल तर तो असा जाळून चालत नाही, आणि तो शिरला आहे का हे ठरवायचं साधन त्या टेबलावर नसतं.

व्हीआयए बंद करा, असं म्हणण्याचा अधिकार कोणालाच नाही. काहीच नसण्यापेक्षा ती लाख पटीने बरी. मात्र युरोपने ज्या पायऱ्या चढत साठ वर्षं घालवली, त्या सगळ्या आपणही चढल्याच पाहिजेत, हा आग्रह मला समजत नाही. स्मिअरसाठी लागते तेवढी पॅथॉलॉजिस्ट-तंत्रज्ञांची फौज आपण कधीच उभी करू शकलो नाही, आता करायचं कारणही उरलं नाही. एचपीव्हीचा नमुना बाई स्वतः घेऊ शकते. पडद्याआड, आशाताईने समजावल्यावर, टेबलावर न चढता. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये याच चाचणीला पहिली पसंती दिली. अडचण किमतीची होती. क्षयरोगासाठी देशभर पोचलेल्या ट्रूनॅट यंत्रावर चालणारी एचपीव्ही चाचणी गोव्याच्या मोलबायो कंपनीने काढली आहे, तेव्हा तीही सबब फार दिवस पुरणार नाही. शहरांतल्या हेल्थ पॅकेजमध्ये मात्र अजून एकटी पॅप स्मिअर विकली जाते आणि तिच्या रिपोर्टावर ती काय बघू शकत नाही याची एक ओळही नसते. ती ओळ छापायला काही खर्च येत नाही.

लसीचा उल्लेख हवा. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या सर्व्हाव्हॅकमध्ये १६ आणि १८ हे दोन्ही प्रकार आहेत, आणि १८ हा ग्रंथिपेशींच्या रोगात विशेष आढळणारा. म्हणून आज लस घेणाऱ्या मुलींना या रोगापासून मिळणारं संरक्षण कुठलीही स्मिअर देऊ शकणार नाही. पण त्यांच्या आयांना आणि मावश्यांना ती फारशी कामाची नाही.

आता विषाणूचाचणीची बाजू इतकी मांडल्यावर तिचीही मर्यादा सांगितली पाहिजे, नाहीतर मी स्मिअरवाल्यांचीच चूक नव्याने करेन. ग्रंथिपेशींच्या कर्करोगांपैकी सुमारे १५ टक्क्यांचा एचपीव्हीशी संबंधच नसतो. जपानात हे प्रमाण अधिक आहे. त्यातला जठरातल्या पेशींशी साधर्म्य असलेला प्रकार विशेष आक्रमक. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० सालच्या वर्गीकरणाने विषाणूशी संबंधित आणि असंबंधित अशी या कर्करोगाची सरळ विभागणीच केली. असंबंधित गटापुढे विषाणूचाचणी गप्प बसते, लस निरुपयोगी ठरते आणि स्मिअरही बहुधा चुकते. तिथे उरतात फक्त लक्षणं: अंगावरून सतत पाण्यासारखं जाणं, संबंधानंतर रक्त, पाळी गेल्यावर वर्षांनी पुन्हा दिसलेला डाग.

आणि इथे आपल्याकडे दोन उलट दिशांच्या चुका होतात. एक, ‘पॅप तर नॉर्मल आहे’ म्हणून अशा बाईला गोळ्या देऊन परत पाठवणं. चाचणी ही लक्षणं नसलेल्या बायकांसाठी आहे. लक्षण असलेल्या बाईच्या बाबतीत निर्दोष रिपोर्टला काही अर्थ नाही, मग तो स्मिअरचा असो की एचपीव्हीचा. दुसरी चूक, ‘पिशवी काढून टाका, कटकट मिटेल’. मार्गात लपलेला कर्करोग ओळखला गेला नाही आणि साधी शस्त्रक्रिया करून पिशवी काढली, तर रोग सापडतो तो काढलेल्या पिशवीच्या तपासणीत; तीही पाठवली असेल तर. तोवर योग्य ती व्यापक शस्त्रक्रिया करायची वेळ गेलेली असते, मग किरणोपचार, आणि वाचण्याची शक्यता घटलेली. टाटासारख्या केंद्रांत बाहेरून अशी अर्धवट शस्त्रक्रिया होऊन आलेल्या बायका नवलाच्या नाहीत. पिशवीला हात लावण्याआधी मार्गाची खरवड आणि बायोप्सी करून घ्यायला तालुक्याच्या ठिकाणीही अडचण नसते, नमुना पुढे पाठवता येतो, आणि त्याचा निकाल येईपर्यंतचे दहा-पंधरा दिवस थांबायला कुठल्याच सर्जनची हरकत असू नये.